सुपारी मिळाली तर?

आपल्याकडे डीजे हा माणूस नसतो, ती वस्तू असते. "लग्नात डीजे आहे का?" असं कुणी विचारलं तर त्याचा अर्थ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत आहे का, असा असतो. सातारा-कोल्हापूरकडे त्याच भिंतीला डॉल्बी म्हणतात. त्या नावाच्या कंपनीचा आणि त्या भिंतीचा काडीचाही संबंध नसतो, पण नाव रुळलं ते रुळलंच. २०१८च्या गणपतीत मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीतल्या या भिंतींवरची बंदी उठवायला नकार दिला, तेव्हाही सगळ्यांच्या तोंडी शब्द होता 'डीजेबंदी'. बंदी माणसावर नव्हती, खोक्यांवर होती. माणूस कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला असतो, आणि त्याला कुणी डीजे म्हणत नाही. तो ऑपरेटर.

बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, आणि कारण अगदी घरगुती आहे. माझा भाचा डीजे आहे. म्हणजे माणूस या अर्थाने. वय सत्तावीस, पुण्यात आयटीत नोकरी, आणि गेली पाचेक वर्षं रात्री जागून तो जे संगीत करतो त्याला डबस्टेप किंवा मोघमपणे बेस म्युझिक म्हणतात. (आमची आजी सांगलीकडची. तिला 'बेस म्युझिक' म्हणून सांगितलं तर म्हणाली, "बेस असंल तर चांगलंच की!") गेल्या महिन्यात एका एजंटाने त्याच्यापुढे करार ठेवला. ऑक्टोबर ते मार्च, सहा महिन्यांत किमान सत्तर कार्यक्रम. गोवा, बंगळुरू, दिल्ली, शिलाँग, जिथे मिळेल तिथे. अर्थात नोकरी सोडावी लागणार.

घरात काय झालं असेल ते हा ब्लॉग वाचणाऱ्या निम्म्या मंडळींना माहीतच आहे, कारण ती निम्मी मंडळी त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतीच. ताईचं म्हणणं, चाललं नाही तर काय. भाओजींचं म्हणणं, हे काय करिअर आहे का. एका काकांनी ऐन वादात गुड मॉर्निंगचं चित्र टाकलं. मामा म्हणून मला मत विचारलं गेलं, आणि फोनवर मी जे तुटक बोललो त्याचे दोन घरांत दोन अर्थ निघाले. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत दोन्ही पक्षांना आवडणार नाही बहुतेक. तो चालणार नाही याची मला भीती नाही. सुपाऱ्या मिळाल्या नाहीत तर पोरगा वर्षभरात पुन्हा नोकरीला लागेल, थोडं हिरमुसेल, थोडा शहाणा होईल. मला धास्ती आहे ती सुपाऱ्या मिळत राहिल्या तर काय, याची. (सुपारी हा शब्द तमाशाच्या फडांचा, ऑर्केस्ट्रावाल्यांचा. मुंबईच्या टोळ्यांनी तो पळवला ही वेगळी गोष्ट. आपण मूळ अर्थानेच वापरू.)

आता हे मला काय कळतं, असं कुणी म्हणेल. सांगतो. २००६-०७मध्ये कंपनीने मला ऑनसाइट पाठवलं ते लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडनला. आपली बरीच आयटीवाली मंडळी तिकडे राहून आली आहेत. उंच ऑफिसांच्या इमारती, ट्राम, आणि सरे स्ट्रीटचा भाजीबाजार. दर शनिवारी मी त्या बाजारात 'पाऊंडला एक वाटी' अशा आरोळ्या ऐकत टोमॅटो आणि मिरच्या घ्यायचो. त्याच रस्त्यावर 'बिग अ‍ॅपल' नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. मी पोचलो तोवर ते बंद झालेलं, २००४ साली. पण या संगीताच्या इतिहासात त्या दुकानाला जे स्थान आहे ते ऐकून मला अजून मौज वाटते. शेजारी कांदे-बटाटे, आणि आत पंधरा-सोळा वर्षांची पोरं काउंटरभोवती घुटमळतायत. ओलिव्हर जोन्स नावाचा एक पोरगा शाळेच्या वयातच तिथे काम करायचा; पुढे तो स्क्रीम या नावाने ओळखला गेला. बेनी अ‍ॅडेजुमो नावाचा त्याचा दोस्त, म्हणजे बेंगा. काउंटरवर हॅचा नावाचा विक्रेता, जो स्वतः डीजे होता. ही पोरं घरच्या साध्या कॉम्प्युटरवर काहीतरी ठोकून आणायची आणि हॅचा ते रात्री क्लबात वाजवायचा. दुकान, शिकवणी, कारखाना, सगळं एकाच छपराखाली.

वेग मिनिटाला साधारण १४० ठोके, पण मुख्य आघात तिसऱ्या ठोक्यावर पडतो, त्यामुळे अंगाला तो निम्माच, सत्तरचा वाटतो. म्हणजे द्रुत चाललेलं असतानाच विलंबित ऐकू येतं, असं समजा. मध्ये भरपूर रिकामी जागा. आणि त्या रिकाम्या जागेखाली बेस, चाळीस-पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपासचा. पन्नास हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर भरते. आपल्या हॉलची भिंत ते स्वयंपाकघराची भिंत! फोनच्या स्पीकरातून हा आवाज येतच नाही, लॅपटॉपमधूनही नाही. भाओजींनी भाच्याचं गाणं फोनवर ऐकलं आणि "यात टिक टिक सोडून काहीच नाही" म्हणाले, ते त्यांच्या जागी शंभर टक्के बरोबर आहे. फोनमध्ये टिक टिकच येते. उरलेलं गाणं ऐकायला मोठी खोकी लागतात आणि ती मावतील अशी खोली लागते.

लंडनमध्ये अशा खोल्या मोजक्याच होत्या. 'फॉरवर्ड' नावाची क्लबची रात्र २००१मध्ये सुरू झाली, ती पुढे शोरडिचच्या 'प्लास्टिक पीपल' या तळघरात गेली. अगदी लहानसा क्लब, जवळजवळ काळोख, आणि आवाजाची यंत्रणा मात्र अव्वल. (हा क्लब २०१५च्या सुरुवातीला बंद झाला.) दुसरी खोली ब्रिक्स्टनची. माला, कोकी आणि लोफा या तिघांनी २००५मध्ये डीएमझेड नावाने तिथे आपली रात्र सुरू केली. जागा कोणती, तर सेंट मॅथ्यूज नावाच्या चर्चच्या इमारतीतला क्लब. वर्षभरात म्हणजे २००६च्या वाढदिवसाला इतकी रांग लागली की लहान खोली सोडून त्याच इमारतीतल्या वरच्या मोठ्या हॉलात सगळ्यांना हलवावं लागलं. त्याच्या दोनच महिने आधी, जानेवारीत, मेरी अ‍ॅन हॉब्ज या निवेदिकेने बीबीसीच्या रेडिओ वनवर या सगळ्या मंडळींना एकत्र बोलावून एक कार्यक्रम केला होता, आणि बातमी लंडनच्या बाहेर पोचली होती.

तिथे मी एकदा गेलो, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर. खरं सांगायचं तर त्याच्या भिडेखातर. दारू पीत नाही, नाचता येत नाही, दुसऱ्या दिवशी फोनवर आईशी बोलायचं ठरलेलं. पहिली पाच मिनिटं काहीच कळेना. मग बेस आला आणि तो कानांत आलाच नाही. आधी पॅंटचे पाय हलले. अक्षरशः, कापड फडफडलं. मग छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी येऊन बसलं. देवळातल्या मोठ्या घंटेखाली उभं राहून कुणी टोल दिला की जे होतं ते, पण इथे टोल संपतच नव्हता. आजूबाजूला शेकडो माणसं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं, डीजेकडे तर अजिबातच नाही. तो एका कोपऱ्यात, दिवा सोडून, खाली मान घालून कामात. एखादं गाणं फारच आवडलं की लोक ओरडायचे, भिंती बडवायचे, आणि तो सुई मागे ओढून ते गाणं पहिल्यापासून लावायचा. 'वन्स मोअर'च की हो हा! नाट्यसंगीताच्या रसिकांना याचं वेगळं स्पष्टीकरण नको. ही रीत आली जमैकातून, तिथल्या साउंड सिस्टिमवाल्यांकडून. त्यांचीच पोरं-नातवंडं दक्षिण लंडनमध्ये वाढली.

आता 'डीजे करतो काय, बटणंच तर दाबतो' या प्रश्नाकडे येऊ. २०१२मध्ये डेडमाऊस या कॅनडाच्या प्रसिद्ध कलाकाराने स्वतःच लिहून टाकलं होतं की आम्ही सगळे शेवटी 'प्ले'च दाबतो. मोठ्या फेस्टिवलांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. तिथे दिवे, पडदा, धूर, आगीचे लोळ हे सगळं गाण्याच्या सेकंदाशी आधीच बांधलेलं असतं, मग डीजेने आयत्या वेळी वेगळं काही वाजवायचं म्हटलं तरी वाजवणार कसं? पण ब्रिक्स्टनच्या त्या खोलीत वेगळं काम चालायचं. दोन तबकड्या, दोघींचा वेग बोटांनी जुळवायचा. एकीचा बेस खाली घेतल्याशिवाय दुसरीचा वर आणायचा नाही, कारण दोन बेस एकदम आले की नुसता चिखल होतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पुढचं काय लावायचं हे ठरवणं. खोली दमली आहे का, तापली आहे का, आता तिला पाच मिनिटं नुसतं उभं करून ठेवता येईल का. कीर्तनकार पूर्वरंग कुठे आवरता घ्यायचा हे श्रोत्यांच्या तोंडाकडे बघून ठरवतो, तसंच हे. बटण दाबायला एक सेकंद लागतो हे कबूल, पण तेवढ्यावरून मोजायचं तर तबलजीही नुसतं चामडंच बडवतो.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती म्हणजे वजन. ही मंडळी स्वतःची नवी गाणी वाजवायची ती डबप्लेटवर. डबप्लेट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर, त्यावर गाणं कोरून घ्यायचं. एकाच प्रतीची रेकॉर्ड. दक्षिण लंडनमध्ये फॉरेस्ट हिलला 'ट्रान्झिशन' नावाचा स्टुडिओ होता, तिथे जेसन गॉझ हा माणूस या चकत्या कोरून द्यायचा. पदरचे पैसे घालून ही पोरं तिथे रांगेत बसायची आणि एकमेकांची गाणी ऐकायची. चकती मऊ असल्यामुळे वाजवेल तशी झिजते. काही डझन वेळा वाजली की खरखर सुरू. म्हणजे गाणं कुठे खर्च करायचं याचाही हिशोब आला. शिवाय या चकत्यांची पेटी जड. विमानात न्यायची म्हणजे ताप. आणि खालची खोकी तर त्याहून जड, ती उचलायला पाच-सहा जण हवेत. 

या वजनाने त्या लोकांना जमिनीवर धरून ठेवलं होतं, असं माझं मत आहे. डीएमझेडची रात्र दोन महिन्यांतून एकदा व्हायची. मधल्या काळात गाणी करायची, कोरून आणायची, एकमेकांना ऐकवायची. जाह शाका यांचंच बघा. लंडनमधल्या जमैकन परंपरेतलं हे फार मोठं नाव. स्वतःची खोकी, एकच टर्नटेबल, रात्र रात्र चालणारे कार्यक्रम, आणि सत्तरच्या दशकापासून २०२३मध्ये वारेपर्यंत हाच उद्योग. जवळजवळ पन्नास वर्षांचं करिअर! भाओजी, हे घ्या उत्तर. 

मग पेनड्राइव्ह आला.

हे मी गमतीने म्हणत नाही. रेकॉर्डच्या जागी सीडी आणि सीडीच्या जागी खिशात मावणारी काडी आली, आणि प्रत्येक क्लबात तेच यंत्र ठेवलेलं मिळू लागलं. डीजे वजनमुक्त झाला. आता त्याला पेटी नको, खोकी नकोत, आणि (हे कुणाच्या लक्षात येत नाही) बरोबर माणसंही नकोत. त्याच सुमाराला गाणी इंटरनेटवर फुकट फिरू लागली, रेकॉर्डविक्री आटली, नंतर आलेल्या स्ट्रीमिंगमधून हाती चिल्लर पडायला लागली. कमाईचा एकच मार्ग उरला, प्रत्यक्ष कार्यक्रम. म्हणजे एकीकडे फिरणं सोपं झालं आणि दुसरीकडे फिरल्याशिवाय पोट भरेना. या दोन गोष्टी एकदम घडल्या, आणि डीजे नावाच्या माणसाची कायमची रात्रपाळी सुरू झाली.

आपल्याकडे फिरतीचे कलाकार काय कमी आहेत? तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते गावोगावच्या जत्रा करत फिरत राहतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावला त्यांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या देऊन जातात. नाटकवाल्यांच्या बसबद्दल तर किती आत्मचरित्रांत वाचलंय आपण. हाल असतात, झोप नसते, पैसे बुडतात. पण फड निघतो तो शंभर माणसं घेऊन निघतो. कुणाला ताप आला तर चहा देणारं कुणीतरी असतं, डोकं फिरायला लागलं तर "गप जरा, झोप" म्हणणारं कुणीतरी असतं. डीजे एकटा निघतो. विमानतळ, गाडी, हॉटेल, रात्री एकला क्लब, तीनला हॉटेल, सहाला विमानतळ. ज्यांच्यात तो दोन तास उभा असतो ते सगळे सुट्टीच्या मूडमध्ये, प्यालेले, आणि तो एकटा कामावर. त्यांची शनिवारची रात्र वर्षातून दहा वेळा येते, याची आठवड्यातून तीन वेळा.

आता बेंगाचं सांगतो, ज्याच्यासाठी एवढी लांबण लावली.

सरे स्ट्रीटवरच्या दुकानातला तो पोरगा. २०१०पर्यंत काय घडलं बघा. बेंगा, स्क्रीम आणि त्याच बिग अ‍ॅपलच्या कंपूतला आर्टवर्क या तिघांनी 'मॅग्नेटिक मॅन' नावाने गट काढला, कोलंबियासारख्या बड्या कंपनीने अल्बम काढला, तिघं तीन लॅपटॉप घेऊन मोठमोठ्या मंचांवर उभे राहिले, आणि त्यांचं एक गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेलं. त्याच वर्षी केटी बी या गायिकेचं पहिलं गाणं बेंगाने केलं, ते पहिल्या पाचांत. मग स्क्रीमबरोबर रेडिओ वनवर स्वतःचा कार्यक्रम. यापेक्षा जास्त चालणं म्हणजे काय? ज्याला आपण 'पोरगं मार्गी लागलं' म्हणतो ते हेच. आणि २०१४च्या सुरुवातीला त्याने एकाएकी जाहीर केलं, मी थांबतोय. वय तिशीच्या आतच. लोकांना वाटलं, कंटाळला असेल. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच उघडपणे सांगितलं की त्याला बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया या दोन्हींचं निदान झालं होतं. अमली पदार्थांपासून सुरुवात झाली आणि अति दौऱ्यांनी सगळं वाढत गेलं, असं त्याचंच म्हणणं. नंतर तो सावरला, संगीताकडे परतला. या धंद्यात आजाराबद्दल त्या काळात कुणी तोंड उघडत नव्हतं, तेव्हा एवढं बोलण्याला मोठं धैर्य लागलं असणार.

ताई, हे वाचून तू घाबरशील हे मला माहीत आहे. प्रत्येक डीजेचं असं होतं असं माझं म्हणणं नाही. स्क्रीमचंच बघ, त्याच दुकानातला, तितकाच फिरलेला. त्याने २०१३च्या सुमाराला डबस्टेप बाजूला ठेवून हाउस आणि डिस्को वाजवायला घेतलं, शिव्या खाल्ल्या, आणि अजून मजेत वाजवतोय. माणसामाणसांत फरक असतो. पण वेळापत्रक माणूस बघून बनत नाही ना. ते सगळ्यांना एकच.

अमेरिकेत स्क्रिलेक्सने हेच संगीत घेतलं, बेस वर आणून त्याला किंचाळायला लावलं, आणि लाखोंच्या मैदानांत नेलं. लंडनच्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. मला त्यातलं फारसं सोसत नाही, पण त्याने पाप केलं असंही वाटत नाही. २०१२च्या फेब्रुवारीत तीन ग्रॅमी घेऊन गेला गडी. २०२४मध्ये आणखी मिळालं, आणि त्या गाण्यात त्याच्याबरोबर लंडनचा फ्लोडॅन होता, ग्राइमच्या पहिल्या फळीतला, हे मला बरं वाटलं. त्या पहिल्या बहराच्या वर्षांत स्क्रिलेक्स वर्षाला तीनशेच्या आसपास कार्यक्रम करत होता असं सांगतात. तीनशे! आपल्याकडे दूधवाल्यालाही याहून जास्त सुट्ट्या मिळत असतील.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला बेरिअल आहे, माझा फार लाडका. २००६ आणि २००७ अशा लागोपाठ दोन वर्षांत दोन अल्बम, दुसरा 'अनट्रू', ज्याला पुढच्या वर्षी मर्क्युरी पारितोषिकाचं नामांकन मिळालं. हा माणूस कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. ब्रिटिश टॅब्लॉइडवाले शोधायला निघाले तेव्हा २००८मध्ये त्याने आपणच नाव सांगून टाकलं, विल्यम बेव्हन, आणि पुन्हा गप्प बसला. मंचावर उभा राहिला नाही. दौरा नाही, मुलाखती जवळजवळ नाहीत. तरी लोक त्याच्या प्रत्येक नव्या गाण्याची वाट बघतात. अर्थात हा मार्ग सगळ्यांना परवडत नाही, आणि भाच्याला तर परवडणारच नाही. त्याला लोकांसमोर उभं राहायला आवडतं. लहानपणी पाहुणे आले की न सांगता कविता म्हणून दाखवणारा प्राणी आहे तो.

त्याला शोभेल असा माणूस मला माला वाटतो. डीएमझेडच्या तिघांतला. २००६पासून स्वतःचं 'डीप मेडी' हे लेबल चालवतोय, दुसऱ्यांची गाणी काढतोय. २०१०मध्ये त्याने एक मोठा संच फक्त तबकडीवर काढला, डाउनलोडला दिलाच नाही. क्यूबाला जाऊन तिथल्या वादकांबरोबर २०१२मध्ये एक अल्बम केला, पेरूत जाऊन २०१६मध्ये दुसरा. जगभर वाजवतो, पण कसं वाजवायचं हे त्याचं तो ठरवतो, आणि कुठल्याच वर्षी तो 'सगळ्यात मोठा' नव्हता. दोन दशकं उलटून गेली, तो आहे तिथे आहे.

आणि भारतात हे जमत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी न्यूक्लिया. उद्यन सागर. गणपतीच्या, लग्नाच्या वरातीच्या रस्त्यावरच्या ठेक्याला बेस म्युझिकशी त्याने उघड उघड जोडलं, म्हणजे शेवटी ट्रॉलीवरच्या त्या भिंतीचीही कुणीतरी रीतसर दखल घेतली! पण 'बेस रानी' गाजली २०१५मध्ये, आणि हा माणूस 'बंदिश प्रोजेक्ट'पासून धरला तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून या उद्योगात होता. तो अल्बमही त्याने लोकांना फुकट डाउनलोड करू दिला. कमाई कशातून? कार्यक्रमांतून. पुन्हा तेच.

तर आता भाच्याला माझं म्हणणं. करार जसा आहे तसा सही करू नकोस. सत्तर हा आकडा खोडून तीस कर. एजंट नाही म्हणाला तर त्याला तुझं संगीत नको आहे, तुझे शनिवार हवे आहेत, हे समज. बंगळुरूला जायचं तर मित्रातल्या एकाला बरोबर घेऊन जायचं, बिदागीतून त्याचं तिकीट गेलं तरी चालेल. रात्री तीनला जो माणूस तुला "चल, झोप" म्हणेल तो तुझा खरा साउंड सिस्टिमवाला. आणि पुण्यात दोन महिन्यांतून एक रात्र स्वतःची कर, चांगली खोकी भाड्याने आणून, लहान खोलीत, दिवे घालवून. तोटा होईल. पहिल्या दोन तोट्यांतला निम्मा वाटा माझा, हे इथे लेखी देतोय, मामींना विचारून.

नोकरी सोडायची का, हा शेवटचा प्रश्न. तीस कार्यक्रम नोकरी सांभाळून होतात. दमछाक होईल, पण होतात. सहा महिन्यांनंतर तुझं तू ठरव, तेव्हा मी मध्ये पडणार नाही आणि भाओजींनाही पडू देणार नाही. (भाओजी, हसू नका.)

आणि ताईला एवढंच, की एकदा त्याचा कार्यक्रम नीट खोक्यांवर ऐक. फोनवर नको. पुढच्या महिन्यात कोरेगाव पार्कात आहे, मी तुला घेऊन जातो. केमिस्टकडे फोमचे कानातले बोळे मिळतात, दोन जोड्या आणून ठेवल्या आहेत. ८५ डेसिबल कान आठ तास सोसतो म्हणतात, पण दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे शंभरावर जेमतेम पाव तास. भाच्यालाही एक जोडी दे आणि तो लावतो का ते बघ. या धंद्यात कित्येकांच्या कानांत जन्मभराची शीळ बसलेली असते. बोळे लावले तरी बेस चुकत नाही, तो पायांतून येतो. साडी नेसलीस तर पदर जरा पिनने टाच, फडफडतो.